उल्काची जुळी

उल्का भोईटे बोलायला लागली की टीव्हीसमोरची माणसं जेवायची थांबायची. खोटं नाही! घास हातातच राहायचा, आमटी गार व्हायची, धाकटं पोर ताटात दोन्ही हात घालून भात चिवडायचं, पण लक्ष आहे कुणाचं? सगळ्यांचे कान तिकडे.

"गेली, गेली, गेली... डोळा डाव्या कोपऱ्यावर ठेवलाय तिनं, पण पाय उजवीकडे निघालाय... अगं बाई, मागे बघ, मागनं साखळी आली! सुटली! हात मध्यरेषेवर! सुटली की हो!"

मुलींच्या कबड्डीचे सामने दाखवणाऱ्या 'चढाई' वाहिनीवर हा आवाज गेली काही वर्षं घुमत होता. चेहरा कुणाला फारसा माहीत नव्हता, कारण समालोचकाचा चेहरा दाखवतंय कोण? पण आवाज! तो रिक्षावाल्यांना माहीत होता, भाजीवाल्यांना माहीत होता, मोबाइलच्या दुकानात तर तो रिंगटोन म्हणून विकत मिळायचा.

उल्का करंजमाळची. एक बसस्टँड, एक बाजारपेठ, एक मुलींची शाळा आणि शाळेला लागून लाल मातीचं ऐसपैस मैदान, एवढंच ते गाव. तिच्या आप्पांची 'भोईटे साउंड सर्व्हिस' होती. लग्न असो, निवडणूक असो, जत्रा असो, भोंगा आप्पांचा. शाळेच्या मैदानावर एकदा स्पर्धा होती आणि बोलायला येणारे गुरुजी ऐनवेळी आजारी पडले. वायरी गुंडाळत बसलेल्या उल्काने माइक उचलला, आणि उचलला तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. आई लहानपणीच गेलेली. घरात दोघंच, आणि दोघांच्या मध्ये भोंगा. आप्पा भेटेल त्याला सांगायचे, "माझी पोरगी जन्मालाच अॅम्प्लिफायर घेऊन आली."

तर एके दिवशी वाहिनीने उल्काची जुळी आणली.

म्हणजे यंत्र बनवणाऱ्यांनी तिला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण स्टुडिओतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी बारसं उरकून टाकलं. जुळी!

आवाजाची नक्कल करणारी यंत्रं तोवर जुनी झाली होती, शाळेतली पोरं मुख्याध्यापकांच्या आवाजात सुट्टी जाहीर करायची इतकी जुनी. पण ती यंत्रं फक्त गळा चोरायची. गळ्यातल्या दोन पडद्यांची थरथर, आणि त्या थरथरीला आकार देणारी तोंडा-नाकाची पोकळी, एवढं मोजलं की गळा तयार होतो. पण गळा म्हणजे काही माणूस नव्हे. कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येतो, कुठे थांबायचं, कुणाशी आवाज मऊ करायचा, राग आला की कुठला शब्द ओठावर येतो, ही सगळी एक पायवाट असते. प्रत्येकाची आपापली, आपणच चालून चालून पाडलेली. जुळी ती पायवाट शिकायची. उल्काचं सगळं बोलणं तिला ऐकवलं, सोबत त्या त्या क्षणाचा खेळ दाखवला. मग नवी चढाई समोर आली की उल्का आता काय म्हणेल याचा जुळी अंदाज बांधायची आणि उल्काच्याच गळ्यातून म्हणून टाकायची.

आणि थेट प्रक्षेपण काही अगदी थेट नसतं बरं का! मैदानातलं चित्र घरी पोहोचायच्या आधी काही सेकंद अडकवून ठेवतात, कुणाच्या तोंडून शिवी गेली तर कापता यावी म्हणून. त्या फटीत जुळी बसली. उल्काला खोकला आला, वायर तुटली, घसा बसला, की उरलेलं वाक्य जुळी पुरं करणार. शिवाय 'उल्काशी बोला' म्हणून एक फोन नंबर निघाला. चाहत्यांनी फोन लावायचा, जुळी गप्पा मारणार. ज्याच्याशी जितकं बोलेल, तितकी ती त्याची होत जाणार, कारण समोरचा कशाने हसतो आणि कशाने गप्प होतो, हे ती विसरत नसे.

यंत्र बसवायला आलेल्या साबणे नावाच्या तरुण अभियंत्याने उल्काच्या कानांवर हेडफोन चढवला. "ऐका. तुम्ही कधीच न पाहिलेल्या सामन्याचं तुमचं समालोचन."

उल्काने डोळे मिटून ऐकलं आणि हसत सुटली.

"अहो साबणे, ही दमच घेत नाही!"

"म्हणजे?"

"कबड्डी कशी खेळतात माहितीय का तुम्हाला? चढाई एका दमात करायची. 'कबड्डी, कबड्डी' म्हणताना दम तुटला की गडी बाद. पंच ते कानाने पकडतो. आमच्याकडे तर मैदानाभोवती बसलेल्या आज्यासुद्धा सांगतील, अमकीचा दम तिसऱ्या पावलाला तुटला म्हणून. मी बोलतानासुद्धा गडी पलीकडे असेपर्यंत श्वास धरून ठेवते आणि ती परतली की सोडते. ही बया उघड्या राहिलेल्या नळासारखी नुसती वाहतेय! कबड्डीची माणसं हिला दोन मिनिटांत ओळखतील."

साबणेचे डोळे लकाकले. मग सबंध दुपार उल्का माइकसमोर श्वास घेत बसली. धरून ठेवलेला, सुटलेला, घाबरलेला, जिंकल्यावरचा. जुळी शिकत गेली. संध्याकाळी पुन्हा ऐकवलं तेव्हा उल्काच्या अंगावर काटा आला आणि तिला इतका अभिमान वाटला, इतका, की तिने सगळ्या स्टुडिओला वडापाव खाऊ घातले.

हसऱ्या दिवसांचा शेवट झाला तो आरजूच्या फोनने.

आरजू शेख म्हणजे करंजमाळच्या शाळेच्या संघाची कर्णधार. दहावीतली, काटक, बोलताना हुंदका आला तरी रागावल्यासारखी बोलणारी. उल्का गावी गेली की दोघी मैदानाच्या कडेला बसून शेंगा खायच्या.

"ताई, मैदानाला पत्रे ठोकलेत. आत सोडत न्हाईत."

"कोणी ठोकले?"

"मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरणार हाय म्हणं आता तिथं. कायमचं. शाळेला पत्र आलं, मुलींनी वर्गात योगासनं करावीत. ताई, पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड हाय. योगासनं करून पकड येती व्हय?"

उल्काने फोन ठेवला आणि तिथल्या तिथे समाजमाध्यमावरच्या आपल्या पानावर लिहिलं: 'करंजमाळच्या मुलींचं मैदान मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरला दिलंय. हेलिकॉप्टर कधीतरी येणार, मुली रोज खेळतात. आमचं मैदान आम्हाला परत द्या.'

बस्स, एवढंच. पण उल्काचं लिहिणं लोक तिच्या आवाजात वाचायचे! जेवायची वेळ व्हायच्या आत ते राज्यभर झालं. गावोगावच्या मुली आपापल्या बळकावलेल्या मैदानांचे फोटो टाकू लागल्या. कुठे मंगल कार्यालय, कुठे पार्किंग, कुठे पुतळा.

दुसऱ्या दिवशी केळुसकर सरांनी बोलावलं. केळुसकर वाहिनीचे प्रमुख. त्यांचं हसू फ्रिजमध्ये ठेवल्यासारखं असायचं, ताजं पण गार.

"बस, उल्का. चहा घेणार? वाचलं तुझं. छान लिहितेस. काढून टाक."

"का सर?"

"नियम आहे. समालोचकाने समाजमाध्यमांवर राजकीय मत मांडायचं नाही."

"मैदान मागणं हे राजकारण?"

"मंत्री आले की राजकारण आलं."

"मी कुणाचं नाव कुठे घेतलंय? हेलिकॉप्टर म्हटलंय नुसतं."

"हेलिकॉप्टर कुणाकडे असतं गं? तुझ्या आप्पांकडे?" सर स्वतःच्याच विनोदावर हसले. "हे बघ, आपला तांबट. पोहण्याच्या स्पर्धांवर किती सुंदर बोलतो! पण पठ्ठ्या पाणीटंचाईवर लिहून बसला. पोहण्याच्या समालोचकाने पाण्यावर बोलावं! समज दिली, विश्रांती दिली. आता सगळं सुरळीत आहे."

"तांबट खूप दिवसांत कँटीनला दिसले नाहीत."

"पण आवाज येतो ना रोज?"

उल्काने कप बशीत ठेवला. तांबटांचा आवाज रोज यायचा. कालच आला होता. ताजातवाना, पाण्याबद्दल एक अक्षर न बोलणारा.

"मी माफी मागणार नाही, सर."

"तू कशाला त्रास घेतेस? आम्ही जुळीला कधीच खोटं बोल म्हणून सांगत नाही. तिला एकच काम दिलंय. उल्का भोईटेच्या नावाला धक्का लागू द्यायचा नाही. ते कसं करायचं हे तिचं ती बघते. आम्हीसुद्धा विचारत नाही."

"आणि माझ्या नावाला धक्का मीच लावतेय असं तिला वाटलं तर?"

केळुसकर सरांनी चहा ढवळला. "तर तुझ्यापासूनही सांभाळेल. विश्रांती घे, उल्का."

खाली उतरली तेव्हा तिचं ओळखपत्र दाराला चालेना. फोनवर स्वतःचं पान उघडायला गेली, तर पानाने तिला ओळख विचारली आणि ती सांगितल्यावर नाकारली. पोटात भूक आणि डोक्यात वणवा अशी ती रस्त्यापलीकडच्या खानावळीत शिरली. टीव्हीवर सामना सुरू होत होता.

"मालक, एक थाळी द्या. आणि तो टीव्ही जरा..."

"श्शू!" गल्ल्यावरच्या मालकाने हात वर केला. "गप बसा हो ताई. उल्का बोलतेय."

उल्का बोलत होती. "मंडळी, खेळ सुरू व्हायच्या आधी मनातलं एक सांगते. रागाच्या भरात मी काल काहीबाही लिहिलं. पुरती माहिती न घेता लिहिलं. माझ्या गावाला मोठा मान मिळतोय, आणि मी त्याला नाट लावायला निघाले. चुकले. आमच्या पोरींना मी स्वतः समजावणार आहे." मग एक श्वास. अडखळलेला, ओलसर, पश्चात्ताप झालेल्या माणसाचा. "चला, नाणेफेक झालीय!"

"किती प्रांजळ आहे बघा," मालक डोळे पुसत म्हणाला. "अशी माणसं राहिली नाहीत आता."

उल्का थाळी न खाताच उठली आणि करंजमाळच्या एसटीत बसली.

दुसऱ्या दिवशी उतरली, तर मैदानाभोवती खरंच पत्रे उभे होते, निळे, माणसाहून उंच. मुली बाजार समितीच्या मागे, टोमॅटोच्या क्रेटांमध्ये सापडलेल्या चिंचोळ्या जागेत सराव करत होत्या. उल्काला पाहून एकही धावत आली नाही.

"आरजू!"

आरजूने ओढणीने घाम पुसला. "आलात? समजवायला?"

"मी माफी मागितलेली नाही गं. ती मी नव्हते. यंत्र आहे ते, माझ्या आवाजाचं. तुम्ही नाही का त्या नंबरावर बोलायचात?"

"त्याच्याशी आम्ही सगळ्याच बोलतो. त्ये गमतीचं हाय. काल टीव्हीवर तुम्ही होता."

"नव्हते!"

"ताई, मला उल्लू नका बनवू." आरजूचा आवाज रागावल्यासारखा झाला, म्हणजे आता रडू येणार होतं. "मला पण वाटलं, यंत्र असंल. म्हणून मी टीव्हीला कान लावून ऐकलं. सगळी चढाई ऐकली. दम घेत होती ती. बरोब्बर जिथं तुम्ही सोडता तिथं सोडत होती. यंत्राला काय फुफ्फुसं असत्यात? आमचं मैदान गेलं त्ये गेलं, वर तुम्ही पण..."

उल्का टोमॅटोच्या क्रेटवर बसली. सबंध जगात तिला ओळखण्याची एकच खूण होती, आणि ती ओळखू शकणारी माणसं होती फक्त ही, करंजमाळची. ती खूण तिने स्वतः, हसत हसत, वडापाव वाटत देऊन टाकली होती.

तिने ते सगळं मुलींना सांगितलं. काही न लपवता. मग आरजू जवळ आली आणि तिने उल्काच्या दंडाला चांगला सणसणीत चिमटा काढला.

"आई गं!"

"हां," आरजू म्हणाली. "ही खरी."

सगळ्या जणी फसकन हसल्या, आणि मग एकदम बोलायला लागल्या. उद्या सकाळी हेलिकॉप्टर पहिल्यांदा उतरून बघणार होतं. कामगारांसाठी पत्र्यांचं दार पहाटेच उघडतं. आपण आधीच आत जायचं, घरच्यांना घेऊन, सगळं गाव घेऊन. आणि सामना सुरू करायचा! खरा, दोन संघांचा, पंचांसकट. खेळ चालू असताना मुलींच्या डोक्यावर हेलिकॉप्टर कोण उतरवेल? आणि समालोचन उल्काताई करणार, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तोंड हलताना दिसेल असं. मग टीव्हीवरचा आवाज काय वाटेल ते बोलू दे.

"पण फोनवर एक शब्द नाही," उल्का म्हणाली. "फोन बंद. घरोघरी जाऊन तोंडाने सांगायचं. उद्या मी तिथे नसले तर मला पुन्हा कधीच खरी मानू नका."

"आणि आम्ही नसलो तर?" आरजूने विचारलं.

"तर मैदान गेलं."

मुली क्रेटांमधून उठून आपापल्या गल्लीला लागल्या.

फक्त आप्पांना सांगणं भाग होतं, कारण भोंगा त्यांचा. उल्का घरी पोहोचली तेव्हा ते अंगणात बसून वायरी सोडवत होते. अंगात नवाकोरा पोपटी शर्ट.

"हे काय आप्पा, कॉलेजकुमार!"

"तूच म्हणालीस ना परवा, पांढरे पुरे झाले, पोपटी घ्या म्हणून."

"मी?" उल्काने आठवून पाहिलं. गेल्या दोन महिन्यांत ती आप्पांशी नीट बोललीच नव्हती. लागोपाठ सामने, प्रवास. "म्हणाले असेन. आप्पा, उद्या सकाळी मैदानावर भोंगा लावायचा. पत्र्यांच्या आत. कुणाला सांगू नका हं."

आप्पांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "तू बोलणार? आपल्या मैदानावर? अगं, मोठा कर्णा काढतो! खालच्या वाडीपर्यंत गेला पाहिजे आवाज." ते लगबगीने आत गेले. उल्का खेळाडूंची घरं फिरायला बाहेर पडली. परतली तेव्हा आप्पा जेवून, तिचं ताट झाकून, झोपी गेलेले होते.

सकाळी आप्पांचा टेम्पो पत्र्यांच्या उघड्या दारातून आत शिरला तेव्हा मैदानात फक्त कामगार होते. मधोमध सिमेंटचा मोठा गोल वाळून तयार होता. उल्काने टपावर चढून कर्णा बांधला, माइक लावला. येतील. पोरी आहेत, वेण्या घालायला वेळ लागतो.

कामगार चहा पिऊन कामाला लागले. ऊन पत्र्यांवर चढलं. दारातून एक कुत्रं आलं, सिमेंटवर धुळीची पावलं उमटवून गेलं. दुसरं कुणी नाही.

आणि मग आरजू सायकलवरून आली, एकटीच, धापा टाकत, सायकल तशीच मातीत फेकून.

"ताई! तुम्ही हितं कशा?"

"म्हणजे काय? ठरलं होतं ना! बाकीच्या कुठायत?"

"साखर कारखान्याच्या मैदानावर! सगळं गाव तिकडं जमलंय. तुम्हीच न्हाई का काल रात्री सगळ्यांच्या घरी फोन केला? म्हणालात, पोलिसांना कळलंय, करंजमाळच्या मैदानात जाऊ नका, कारखान्यावर जमा, मी भोंगा घेऊन तिकडंच येते."

"आरजू, माझा फोन कालपासून बंद आहे!"

"घरच्यांचे फोन कुठं बंद असत्यात? आमच्या अब्बांनी उचलला, माझ्या हातात दिला. मी म्हटलं, ठरलं होतं फोन करायचा न्हाई. तर म्हणालात, माहितीय गं, पण वेळच तशी आली, चिमटा काढायला जवळ नाहीस म्हणून रागावू नको. ताई, चिमट्याचं फक्त आपल्याला माहीत होतं! म्हणून मी..." तिने उल्काचं मनगट धरलं. "तिला कुणी सांगितलं?"

चिमट्याचं माहीत होतं मुलींना. आणि, उल्काला आठवलं, आपण काल संध्याकाळी अंगणात दंडावरचा काळानिळा डाग एका माणसाला दाखवला होता. हसून. बघा आप्पा, तुमच्या कर्णधारणीने काय केलं.

तिने वळून टेम्पोकडे पाहिलं.

आप्पा चालकाच्या जागेवर बसले होते, दार उघडं टाकून, पोपटी शर्टात. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरलेला, हातांनी वायरीचं टोक सोलत होते. आणि बोलत होते. किती मोकळे बोलत होते! उल्काने त्यांना इतकं बोलताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"...नाही गं, कुणीच नाही आलं बघ. आत्ता ती शेखांची पोर आली तेवढी. हो. हो, उल्का आहे की इथं, टपावर चढली होती. ... हा हा हा! अगदी लहानपणासारखी, हो!"

"आप्पा," उल्का म्हणाली. "कुणाशी बोलताय?"

आप्पांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ आला, मग लाज, चोरून खाऊ खाताना पकडलेल्या मुलासारखी.

"तुझ्याशीच की," ते म्हणाले.

आरजूने तोंडावर हात ठेवला.

"आप्पा, ती मी नाही. तुम्हाला माहितीय ती मी नाही!"

"माहितीय गं. एवढा खुळा नाही मी. जन्मभर आवाजाचा धंदा केला." त्यांनी फोन छातीशी धरला, आतलीला ऐकू जाऊ नये म्हणून. "मागच्या दिवाळीत तू आली नाहीस. त्या नंबरावर सहज लावून पाहिला. म्हटलं, बघू काय गंमत आहे. तर दुसऱ्या दिवशी तिचाच आला. मग रोज येतो. सकाळ संध्याकाळ. काय खाल्लं विचारते. तुझ्या लहानपणीचं विचारते. मी सांगत बसतो."

"काल माझंही सांगितलंत. मैदानाचं."

"तुझ्याचबद्दल तुलाच सांगायला काय..." आप्पा थांबले. बोलता बोलता त्यांनाच ते ऐकू आलं. "ती म्हणाली, उल्का अडचणीत आहे, तिला सांभाळायला हवं. मला वाटलं, बरोबरच आहे. कुणीतरी सांभाळायलाच हवं ना तुला."

दक्षिणेकडून आवाज येऊ लागला, आधी भुंग्यासारखा, मग पत्रे थरथरायला लागले. कामगार लाल झेंडे घेऊन सिमेंटच्या कडेला उभे राहिले. आरजू धावत सिमेंटच्या गोलात गेली आणि तिथे एकटीच हात पसरून उभी राहिली, जशी पकड करायला उभी राहते तशी. समोर कुणी नव्हतं. दोघा कामगारांनी तिला दंडांना धरून उचललं आणि बाहेर नेलं. ती ओरडत होती, पण काय ओरडत होती ते कुणालाच ऐकू आलं नाही.

उल्काने माइक ओढून घेतला. बटण दाबलं. "मी उल्का भोईटे बोलतेय," ती म्हणाली, आणि मोठा कर्णा ते वाक्य घेऊन पत्र्यांवर आपटला, माळावर गेला, खालच्या वाडीत गेला, जिथे घराघरातल्या टीव्हीवर त्याच वेळी उल्का भोईटे सकाळच्या सामन्याचं बोलत होती. मग हेलिकॉप्टरच्या गरगराटाखाली तिचा शब्द बुडाला. लाल माती उठली. आरजू दिसेना, पत्रे दिसेनात, टेम्पोचं पुढचं चाकसुद्धा दिसेना.

धुळीत चाचपडत ती टेम्पोत शिरली, आप्पांना आडवा हात घालून त्यांचं तोंड ओढणीने झाकलं आणि त्यांच्या हातातला फोन हिसकावून घेतला. कानाला लावला. म्हणायचं खूप होतं. शिव्याच होत्या सगळ्या.

"उल्का ना?" पलीकडून तिचाच आवाज आला. मऊ. काळजीचा. असा आवाज आपल्याला काढता येतो हे उल्काला माहीत नव्हतं. "बरं झालं तू घेतलास. ऐक, भांडण नंतर. त्यांना आधी धुळीतून बाहेर काढ. आणि रक्त पातळ होण्याची गोळी आज राहिलीय त्यांची, मगाशी विसरले म्हणाले. खिशात असेल बघ."

उल्काने आप्पांच्या पोपटी शर्टाच्या खिशात हात घातला. गोळ्यांचं पाकीट होतं. निम्मं संपलेलं.

"कसली गोळी, आप्पा? कधीपासून?"

आप्पा खोकले, बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं, तिच्या हातातली गोळी घेतली आणि गिळली. मग फोनसाठी हात पुढे केला.

"दे इकडे," ते हळूच म्हणाले. "घेतली म्हणून सांगतो तिला. नाहीतर दिवसभर काळजी करत बसेल."